मदत हवी आहे: पावसाळ्यात फ्युएल सेलचा व्होल्टेज घसरतोय

नमस्कार मंडळी, मी बेळगावचा, उद्यमबागेत छोटं वर्कशॉप आहे. पोराच्या डिप्लोमा प्रोजेक्टसाठी 20 सेलचा, 100 वॅटचा, पंख्याने हवा घेणारा हायड्रोजन स्टॅक (हायड्रोजन आणि हवेतून वीज करणाऱ्या फ्युएल सेलची थप्पी) घेतलाय. लोड दिला की 12 व्होल्टच्या आसपास मिळायला पाहिजेत, म्हणजे सेलमागे 0.6.

जूनपासून, इकडे झड लागली की, थोडा वेळ नीट चालतो आणि मग व्होल्टेज हिसके देत उतरतो. पर्ज व्हॉल्व्ह (हायड्रोजनच्या बाजूला साचलेलं पाणी-गॅस बाहेर सोडणारा) उघडला की नळीतून पाण्याचे थेंब उडतात, आकडा टुणकन वर येतो, परत घसरतो. सेल वेगवेगळे मोजले तर कडेचे दोन जास्त पडलेले. म्हणजे कॅथोडवर (हवेच्या बाजूच्या इलेक्ट्रोडवर) तयार होणारं पाणी सच्छिद्र थरात साचून ऑक्सिजन अडतोय, असा माझा अंदाज.

पण मार्चमध्ये, कोरडा वारा असताना, वेगळंच होतं. हिसके नव्हते, व्होल्टेज हळूहळू खाली. पंखा वाढवला तर आणखी खाली. मेम्ब्रेन (सेलमधला पातळ पडदा, ज्यातून प्रोटॉन जातात) सुकलं की प्रोटॉन वहायला अडचण, रोध वाढतो, हे पोरानंच सांगितलं (पुस्तक वाचतो बिचारा, हात काळे करायचे म्हटलं की पळतो).

आता पंखा वाढवून पाणी उडवू, की पर्ज लवकर लवकर करू? पर्जमध्ये गॅस वाया जातो, आणि सिलिंडर मिळवताना आधीच नाकी नऊ येतात. कडेचे सेल थंड राहतात म्हणून तिथं पाणी धरतं का? एंड प्लेटला (स्टॅकच्या टोकाच्या प्लेटला) थोडी ऊब दिली तर चालेल का? कोणी करून बघितलं असेल तर सांगा.