मदत हवी आहे: नॉर्वेत हार्डांगरफियॉर्डला (डोंगरांत शिरलेली समुद्राची खाडी) सायकल ट्रिप, बोगद्यांचं काय करायचं?

मंडळी, मी आणि बायको मे अखेरीस आठवडाभर हार्डांगरला सायकलवर जायचं म्हणतोय, गाइड नाही ग्रुप नाही, सगळं आपलं आपण. सफरचंदाचा बहर मेमध्येच असतो आणि तो बघायचाच आहे, त्यासाठीच एवढा खटाटोप! बर्गनहून ट्रेनने व्हॉस, मग क्वानडाल ते उत्ने फेरीबोट, आणि सोरफियॉर्डच्या (हार्डांगरफियॉर्डचाच एक फाटा) पश्चिम काठाने आगावरून ओड्डा, साधारण ४५ किमी. समोरच्या काठाला लोफ्टहूस गाव, बागा तिकडे जास्त आहेत पण तिकडूनच १३ नंबरचा मुख्य हायवे जातो, गाड्या आणि कॅराव्हॅन फार म्हणतात. तर येताना त्या बाजूने सायकल मारणं झेपेल का की बसमध्येच सायकली टाकाव्यात? आणि खरी भीती बोगद्यांची आहे. व्हॉसकडून हार्डांगर पुलाला जाताना लागणारा साडेसात किमीचा वाल्लाविक बोगदा सायकलला बंद आहे, पुलावर मात्र सायकलची वेगळी लेन आहे, म्हणून तर फेरीबोटीचा मार्ग धरला. पण ओड्डाच्या रस्त्यावरचे छोटे बोगदे कसे आहेत, आत अंधार असतो का, जुना रस्ता बाहेरून जातो का? बायकोला बोगद्यात खरंच घाबरायला होतं हो. कोणी स्वतः चालवलं असेल तर प्लीज सविस्तर सांगा. ई-बाइक भाड्याने घ्यावी का तेही सांगा.