थार्पच्या नाचात मॉर्टनचं जॅझ उरतं का?

रानपाखरू: अमेरिकन नृत्यदिग्दर्शिका ट्वायला थार्पचं 'एट जेली रोल्स' (1971) परवा पुन्हा पाहिलं. जॅझ पियानोवादक जेली रोल मॉर्टन आणि त्याच्या 'रेड हॉट पेपर्स' बँडच्या जुन्या ध्वनिमुद्रणांवर बसवलेलं नृत्य. आधुनिक नृत्याने जुन्या जॅझला याहून मोठी दाद दिलेली मी पाहिलेली नाही. मॉर्टनच्या संगीतात 'ब्रेक' येतो. सगळा बँड एकदम गप्प होतो, दोन बार (तालाची दोन छोटी आवर्तनं) एकच वाद्य बोलतं, मग सारे तुटून पडतात. थार्पचं अंग तसंच चालतं. खांदा निसटतो, गुडघा ढिला पडतो, आता ही पडणार असं वाटतं आणि तोल सापडतो. दारूच्या नशेतल्यासारखा तो एकटीचा नाच बघा, झोक जाणंसुद्धा किती काटेकोर आहे!

दुपारची_मैफल: मला नाही पटत. हे संगीत खुर्चीत बसून बघण्यासाठी नव्हतंच. मॉर्टनने 1926 साली शिकागोत 'ब्लॅक बॉटम स्टॉम्प' ध्वनिमुद्रित केलं. ब्लॅक बॉटम हे त्या काळच्या एका नाचाचंच नाव. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीत सॅव्हॉय बॉलरूम हे नाचघर उघडलं. हे नाच घडवले कृष्णवर्णीयांनी, रोजच्या रोज, एकमेकांवर कडी करत. त्यांच्यापैकी किती जणांची नावं आपल्याला ठाऊक आहेत? आणि आपण दाद देतोय ती थार्पला.

तालवेडी: नावांचं दुःख खरंच आहे. पण थार्पने त्यांच्या पावलांची नक्कल कुठे केली? आधुनिक नृत्यदिग्दर्शक पॉल टेलरच्या कंपनीत नाचलेली बाई ती, बॅले शिकलेली. जे अंगात मुरलं होतं तेच घेऊन ती मॉर्टनसमोर उभी राहिली. त्या काळचा चार्ल्सटन नाच जसाच्या तसा उचलला असता तर मीही तुमच्या बाजूने भांडले असते.

उंबरठा: मग थार्पच्याच 1971 सालच्या 'द बिक्स पीसेस'चं काय? त्यात रंगमंचावरच सांगितलं जातं की हे नाच आधी हायडन या पाश्चात्त्य अभिजात संगीतकाराच्या संगीतावर रचले होते. जॅझवादक बिक्स बायडरबेकचं संगीत नंतर आलं. हायडनवर चालणारी हालचाल जॅझवरही चालते, तर ती जॅझमधून उगवली असं कसं म्हणायचं?

रानपाखरू: उंबरठा, मुद्दा बिनतोड आहे, 'बिक्स'पुरता मी मागे घेते. 'जेली रोल्स'पुरता नाही. तिथे ब्रेक आला की अंगही ब्रेक घेतं.

दुपारची_मैफल: ताई, ब्रेक अंगात येतो हे मान्य. माझी खंत वेगळी आहे. नाचघरात बँडवाल्यांना नाचणारे समोर दिसायचे. पब्लिक रंगात आलं की आणखी एक फेरा वाजायचा. तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं मावायची, तिथे मॉर्टनला सगळं आधी बांधून ठेवावं लागलं. थार्पला मिळालं ते हे बांधलेलं जॅझ. तिने त्याच्याशी इमान राखलं, पण ते तिच्याकडे बघून एक फेराही वाढवू शकत नव्हतं.