पेंटबॉलमध्ये डोरिटोवर पोचायच्या आधीच आउट होतोय, काय चुकतंय?

टेक्सासचा_बाळ्या: मंडळी, इथे टेक्सासला सहा महिने झाले स्पीडबॉल (फुगवलेले बंकर म्हणजे आडोसे मांडलेल्या मैदानावरचा पेंटबॉल) खेळतोय, त्याआधी नुसतं जंगलात खेळायचो. आमच्या बेसवरून (जिथून सुरुवात करतो तिथून) डोरिटो साइड, म्हणजे त्रिकोणी बंकरांची बाजू, डावीकडे येते. हॉर्न वाजला की मी पहिल्या डोरिटोकडे सुटतो आणि बहुतेक वेळा वाटेतच बॉल बसतो, पोचलोच तर मिनिटभरात गुडघ्यावर नाहीतर पॉड पॅकवर (जादा बॉल ठेवायच्या कमरेच्या पट्ट्यावर). पळणं कमी पडतंय का?

साखळीतला_गडी: पळण्याचा प्रश्न नाही रे. समोरचा तुझ्यावर नेम धरतच नाही, तो दोन बंकरांमधल्या फटीत सलग बॉल सोडत राहतो आणि तू आपणहून त्यात शिरतोस. ३०० फूट सेकंदाला ही वेगाची मर्यादा, म्हणजे शंभर फूट जायला बॉलला अर्धा सेकंदही फारसा लागत नाही, कसा हरवणार त्याला? गेमच्या आधी मैदान चालून बघ. दोन्ही बाजू सारख्याच असतात त्यामुळे समोरच्याच्या बेसपाशी उभा राहा आणि तुझी वाट तिथून कुठे उघडी पडते ते बघ. मधे टेंपल किंवा मोठी ब्रिक (हेही बंकरच) असेल तर तिच्या आडोशाने दोन पावलं जास्त मिळतात, लेआउट बदलला की तीच वाट उघडी पडते.

कोपऱ्यातून_राम: आणि डोरिटोचा आकार लक्षात घे, वर निमुळता खाली रुंद. ताठ उभा राहिलास की खांदे दोन्हीकडून दिसणार, फतकल मारून बसलास की गुडघा बाहेर. एक गुडघा टेकून मास्क जवळजवळ कापडाला लागेल इतकं चिकटून बस. डाव्या कडेने मारताना मार्कर (बंदूक) डाव्या हातात घेतोस का? उजव्याच हातात ठेवलास तर नेम धरेपर्यंत अर्धं अंग बाहेर येतं. मला हे जमायला एक अख्खा सीझन गेला, पण त्यानंतर खेळच बदलला.

साखळीतला_गडी: पॅकवर लागतंय ते बहुतेक स्नेकमधून, म्हणजे पलीकडच्या कडेच्या लांब बुटक्या बंकरांच्या रांगेतून. तिथला गडी सरपटत पन्नासच्या रेषेवर (मैदानाच्या मध्यावर) आला की तुझा बंकर समोरून कितीही झाकत असला तरी बाजूने तू उघडाच. म्हणून मधल्या गड्याने स्नेकमधला माणूस कुठवर आला ते सतत ओरडून सांगायला हवं, तुमच्यात कोण सांगतं?

टेक्सासचा_बाळ्या: कोणीच नाही!! आणि मार्कर कायम उजव्या हातात. शनिवारी आधी मैदान चालतो, मग सांगतो.