मदत हवी आहे : के-जेट्रॉनिक फ्युएल डिस्ट्रिब्यूटरच्या तिसऱ्या मार्गाला आयडलिंगवर पेट्रोल कमी

सर्व जाणकारांना नमस्कार.

माझ्याकडे १९८३ सालची मर्सिडीज-बेंझ २३० ई आहे. डब्ल्यू १२३ मालिकेतील, २२९९ घन सेंटिमीटरच्या एम १०२ इंजिनाची ही गाडी माझ्या थोरल्या काकांनी कुवेतमधील नोकरी संपवून फोंड्याला परतताना सोबत आणली आणि शेवटपर्यंत स्वतः चालवली. तिच्या इंजिनाला बॉशची के-जेट्रॉनिक इंधनप्रणाली आहे. फ्युएल डिस्ट्रिब्यूटर (सिलिंडरांना पेट्रोल वाटून देणारा भाग) खोलून, स्वच्छ करून, नवीन डायफ्रॅम आणि ओ-रिंगा घालून मी तो पुन्हा जोडला आहे. मात्र चार मार्गांचा (प्रत्येक सिलिंडरला पेट्रोल नेणारा एक) समतोल साधण्यापाशी काम अडले आहे. उत्तर देणाऱ्यांना पुन्हापुन्हा माहिती विचारावी लागू नये, म्हणून सगळे सविस्तर लिहितो.

मूळ तक्रार अशी होती. इंजिन गरम झाले की आयडलिंगला मिसिंग सुरू होई. तिस्क-फोंडा येथे गाड्यांच्या रांगेत उभे असताना आतला आरसा इतका थरथरे की मागचे वाहन ओळखता येत नसे. ॲक्सिलरेटर किंचित दाबला की तोच थरकाप नाहीसा होई आणि चढावर पिकअपही चांगला मिळे. तिसऱ्या सिलिंडरचा प्लग पांढुरका, उरलेले तीन बदामी. चारही सिलिंडरांचे कॉम्प्रेशन जवळजवळ सारखे आहे, प्लग, वायरी आणि इग्निशन डिस्ट्रिब्यूटरची कॅप नवीन आहेत, आणि इनटेक मॅनिफोल्डला कोठेही हवेची गळती नाही. गोव्याबाहेरच्या एका वर्कशॉपने इंजेक्शन काढून टाकून कार्ब्युरेटर बसवण्याचा सल्ला दिला होता. तो मला मुळीच मान्य नाही. ज्या यंत्रणेतील प्रत्येक दाब गेजवर वाचता येतो आणि प्रत्येक दोषाचे कारण हाताने शोधता येते, ती केवळ समजून घेण्याचा कंटाळा आला म्हणून भंगारात घालणे हा त्या गाडीवर अन्याय आहे, असे मला मनापासून वाटते.

ज्यांचा या प्रणालीशी परिचय नाही, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. १९७३ साली आलेली ही प्रणाली पेट्रोल थांबूनथांबून न फवारता सतत फवारते. आत येणारी हवा सेन्सरची तबकडी सरकवते, तबकडीचा दांडा डिस्ट्रिब्यूटरमधला प्लंजर वर उचलतो आणि प्लंजरची कड बॅरलमधल्या उभ्या फटी मोकळ्या करते. प्रत्येक सिलिंडरसाठी एक फट, रुंदी साधारण ०.२ मिलिमीटर. फटीच्या दोन्ही बाजूंच्या दाबांतील फरक कायम ०.१ बार राहावा यासाठी प्रत्येक मार्गाला पोलादी डायफ्रॅम आणि स्प्रिंग यांची स्वतंत्र झडप असते. दाबांतील फरक स्थिर असल्यामुळे पेट्रोल किती जाणार हे फक्त फट किती उघडली यावरच ठरते.

माझ्या गाडीत प्रणालीचा दाब ५.२ बार आणि इंजिन गरम असतानाचा नियंत्रण-दाब (प्लंजरला वरून रोखणारा) ३.६ बार येतो, त्यामुळे पंप, अक्युम्युलेटर (दाब टिकवणारा) आणि वॉर्म-अप रेग्युलेटर (नियंत्रण-दाब ठरवणारा) यांच्याविषयी मला शंका नाही.

रिबिल्ड करताना दोन्ही अर्ध्या भागांवर खुणा करून मगच ते वेगळे केले. प्लंजर आणि बॅरल ही एकमेकांवर घासून जुळवलेली जोडी असते. दुसऱ्या डिस्ट्रिब्यूटरचा प्लंजर तिथे चालत नाही. त्यामुळे प्लंजर स्वच्छ कापडात गुंडाळून वेगळा ठेवला आणि त्याला पॉलिश पेपरचा स्पर्शही होऊ दिला नाही. बॅरल अल्ट्रासॉनिक क्लीनरमध्ये ठेवून नंतर हवेने फुंकला. ओ-रिंगा इथेनॉलला टिकाव्यात म्हणून व्हायटॉन या खास रबराच्या घेतल्या, कारण पंपावर मिळणारे साधे पेट्रोलही आता २० टक्के इथेनॉलचे आहे.

जोडणी झाल्यावर चारही इंजेक्टर मॅनिफोल्डमधून काढून त्यांची तोंडे चार सारख्या मोजपात्रांत सोडली. पंपाचा रिले काढून त्या जागी फ्यूज लावलेली वायर जोडली, म्हणजे इंजिन बंद असतानाही पंप चालतो. तबकडी दरवेळी नेमक्या त्याच अंतरावर थांबावी यासाठी लोखंडी पट्टीत बारीक आट्यांचा बोल्ट बसवून तिला रोखले. बोल्ट पूर्ण सैल केला की चारही इंजेक्टर कोरडे राहतात, एक थेंबही गळत नाही. त्यानंतरची मापे अशी आली.

आयडलिंगच्या स्थितीत ५ मिनिटांत पहिल्या मार्गातून २१, दुसऱ्यातून २०.५, तिसऱ्यातून १६ आणि चौथ्यातून २१ मिलिलिटर. मध्यम भाराच्या स्थितीत १ मिनिटात अनुक्रमे ४१, ४०, ३९.५ आणि ४१ मिलिलिटर. तबकडी जवळजवळ पूर्ण सरकवल्यावर ३० सेकंदांत ८२, ८१, ८१ आणि ८२ मिलिलिटर.

इंजेक्टरांची अदलाबदल करूनही पाहिली. दुसऱ्याचा इंजेक्टर तिसऱ्याला आणि तिसऱ्याचा दुसऱ्याला लावला तरी तूट तिसऱ्या मार्गातच राहिली. म्हणजे इंजेक्टर निर्दोष आहे.

आता माझा खरा प्रश्न. तिसऱ्या मार्गाच्या स्प्रिंगचा ताण वाढवून आयडलिंगचे माप जुळवा, असे मला सुचवण्यात आले आहे. माझे गणित याच्या उलट सांगते. स्प्रिंग सैल असती तर दाबांतील फरक त्या मार्गात सर्वच भारांवर कमी राहिला असता, आणि तूट टक्केवारीने सगळीकडे सारखी आली असती. प्रत्यक्षात तूट आयडलिंगला सुमारे २३ टक्के, मध्यम भारावर जेमतेम ३ टक्के आणि वर जवळजवळ शून्य आहे. मिनिटामागे मोजले तर खालच्या दोन्ही स्थितींत ती साधारण १ मिलिलिटर, म्हणजे सारखीच आहे. याचा अर्थ दोष फटीच्या त्या टोकाला असला पाहिजे, जे प्लंजरची कड सर्वात आधी मोकळे करते. स्प्रिंग आवळून १६ चे २१ केले तर पूर्ण भारावर तोच मार्ग सुमारे ३० टक्के जास्त पेट्रोल देईल आणि तिसरा सिलिंडर चढावर काळा धूर ओकेल. हा तर्क बरोबर आहे का? आणि असल्यास, फटीला इजा न करता ते टोक स्वच्छ कसे करावे? पावसाळ्यात गाडी फारशी बाहेर निघत नाही. त्या काळात प्रणाली कशी जपावी, हेही अनुभवी मंडळींनी सांगावे.

प्रतिसाद, म्हापसा येथून :

आपला तर्क बरोबर आहे. स्प्रिंगला हात लावू नका. समतोल साधायचा म्हणजे आधी फटी आणि प्लंजर निर्दोष करायचे, आणि त्यानंतरही चारही मार्गांत सर्व भारांवर सारख्या टक्केवारीचा फरक उरला तरच ताण बदलायचा. पुष्कळ डिस्ट्रिब्यूटर याच उलट्या क्रमाने बिघडवले गेलेले मी पाहिले आहेत. तसा एखादा हाती आला की आधी कोणी काय फिरवले याचाच शोध घेत बसावे लागते.

फटीकडे वळण्यापूर्वी एक चाचणी करा. डिस्ट्रिब्यूटर एअर-फ्लो मीटरवरून (तबकडी असलेल्या भागावरून) उचला आणि खालून प्लंजरला हाताने पाव फेरा द्या. उचलताना तळहात खाली धरा, नाहीतर प्लंजर निसटून जमिनीवर पडेल आणि कडेला टवका उडाला तर सारे श्रम वाया जातील. पुन्हा जोडून फक्त आयडलिंगचे माप घ्या. तूट दुसऱ्या मार्गाकडे सरकली तर दोष प्लंजरच्या कडेवर आहे. तिसऱ्यातच राहिली तर तो बॅरलच्या फटीत आहे. या चाचणीला काही खर्च नाही, आणि ती निकाल निःसंदिग्ध देते.

दोष फटीत निघाला तर सोनाराचे भिंग आणि मागून बारीक उजेड घेऊन ती तपासा. जुन्या पेट्रोलचा थर पिवळसर तपकिरी, काचेसारखा चकचकीत दिसतो, आणि नेहमीच्या कार्ब्युरेटर क्लीनरने तो लगेच विरघळत नाही. बॅरल रात्रभर ॲसिटोनमध्ये बुडवून ठेवा, पण त्याआधी सगळ्या ओ-रिंगा काढायला विसरू नका, कारण व्हायटॉनलाही ॲसिटोन चालत नाही. मग पुन्हा अल्ट्रासॉनिक, आणि हवा बाहेरून आत, म्हणजे पेट्रोलच्या उलट दिशेने मारा. तार, सुई, ब्रशचा केस यांतले काहीही फटीत घालू नका, ०.२ मिलिमीटरच्या फटीत एक ओरखडाही माप बदलतो.

आणखी दोन गोष्टी. उघड्या मोजपात्रांत पेट्रोल घेऊन चाचणी करणे धोक्याचे आहे. बंद गॅरेजमध्ये तर कधीही करू नका. बॅटरीची जोडणी दूर ठेवा आणि अग्निशामक हाताशी असू द्या. ट्रॉलर आणि ट्रक यांचे डिझेल पंप कॅलिब्रेट करणारी दुकाने आपल्याकडे आहेत, त्यांच्याकडून कॅलिब्रेशनचे तेल मागून घ्या. ते सहज पेट घेत नाही. त्याची मापे पेट्रोलपेक्षा वेगळी येतील, पण आपल्याला चार मार्गांची आपापसात तुलनाच करायची असल्यामुळे काही बिघडत नाही. त्यांच्या बेंचवर मात्र हा डिस्ट्रिब्यूटर चढवू देऊ नका. डिझेल पंपांचे दाब याच्या कितीतरी पट असतात.

पावसाळ्याबद्दल म्हणाल तर शत्रू एकच, पाणी. इथेनॉल हवेतला ओलावा शोषते, आणि तो पुरेसा साचला की पाणी-इथेनॉलचा थर टाकीच्या तळाशी वेगळा बसतो; पंप नेमका तिथूनच ओढतो. टाकी काठोकाठ भरून ठेवा, म्हणजे आत ओली हवा कमी राहील. इंजिन नुसते सुरू करून बंद करण्यापेक्षा अधूनमधून गाडी पूर्ण गरम होईपर्यंत चालवा. फिल्टर पावसाळा संपताच बदला, त्याच्या आधी नाही.

मूळ प्रश्नकर्त्याकडून :

आपण इतक्या बारकाईने लिहिलेत, देव बरे करो. प्लंजरला पाव फेरा दिल्यावरही तूट तिसऱ्यातच राहिली, म्हणजे दोष बॅरलच्या फटीतच. भिंगाखाली पाहिले तर फटीच्या खालच्या टोकाला तपकिरी थराची इवलीशी पायरी स्पष्ट दिसत होती. उरलेल्या तीन फटींची टोके धारदार आणि चौकोनी होती. ॲसिटोन, अल्ट्रासॉनिक आणि उलट दिशेची हवा या क्रमाने ती पायरी निघून गेली. कॅलिब्रेशन तेल कुंडईच्या एका दुकानाने दिले. त्यावर आयडलिंगच्या स्थितीत चारही मार्गांतील फरक आता ५ टक्क्यांच्या आत आहे आणि वरच्या भारांवर तो मोजपात्रावर दिसतही नाही. स्प्रिंगला हात लावावा लागला नाही.

गाडी जोडून सुरू केली असता आयडलिंगला आरसा स्थिर राहतो. आता ३ मिलिमीटरच्या लांब ॲलन-कीने मिश्रणाचा स्क्रू जुळवायचा आहे. त्यासाठी पीयूसी केंद्राच्या गॅस ॲनालायझरवर सीओचे (कार्बन मोनॉक्साइडचे) प्रमाण पाहत काम करू देणारे केंद्र फोंडा किंवा मडगाव परिसरात कोणाला ठाऊक असल्यास कृपया कळवावे. बहुतेक ठिकाणी नळी घालून आकडा छापून देतात, पण स्क्रू फिरवत असताना यंत्र चालू ठेवायला तयार होत नाहीत.