पॅक-१२ मध्ये टीम नक्की किती? भाचा ओरेगनला आहे म्हणून विचारतोय

म्हापसेकर_मामा
भाचा कॉर्व्हॅलिसला ओरेगन स्टेटमध्ये एमएस करतोय, सुट्टीत आला तेव्हा माझ्यासाठी केशरी जर्सी आणली, बीव्हर्स लिहिलेली. फुटबॉल म्हणजे आपला नव्हे हां, बॉल काखेत मारून पळतात तो. तर तो म्हणतो मामा, २०२६ च्या सीझनला आमची पॅक-१२, म्हणजे तिथल्या कॉलेजांच्या टीमची लीग, तिला कॉन्फरन्स म्हणतात, परत उभी राहतेय. टीम मोजल्या तर आठ! आणि त्याआधी दोन वर्षं दोनच होत्या म्हणे. दोन टीमची कसली रे लीग, आमच्या वाड्यावरच्या टुर्नामेंटला याहून जास्त येतात. फोनवर तो इतका घाईत बोलतो की अर्धं कळत नाही, कोणी नीट सांगेल काय?

नाईटशिफ्ट_पर्वरी
भाचा खरं सांगतोय मामा. २०२४ ला दहा टीम एकदम उठून गेल्या. यूएससी, यूसीएलए, ओरेगन, वॉशिंग्टन बिग टेन नावाच्या दुसऱ्या लीगमध्ये, ॲरिझोना आणि ॲरिझोना स्टेट, कोलोराडो, युटा बिग १२ मध्ये, आणि स्टॅनफर्ड, कॅल गेले अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्समध्ये, कॅलिफोर्नियात राहून अटलांटिक कोस्ट 😄 कारण एकच, टीव्हीचा पैसा. मागे उरल्या तुमच्या भाच्याची ओरेगन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट. पण त्या दोघांनी कोर्टात जाऊन कॉन्फरन्सचा ताबा आपल्याकडे ठेवला, आणि मग माउंटन वेस्ट या लीगमधून पाच जणांना ओढलं: बॉयझी स्टेट, कोलोराडो स्टेट, फ्रेझ्नो स्टेट, सॅन डिएगो स्टेट, युटा स्टेट. वरच्या लेव्हलला कॉन्फरन्स म्हणून टिकायला फुटबॉलच्या आठ टीम लागतात, तो आकडा टेक्सस स्टेटने भरला. गोंझागा पण आलीय पण तिची फुटबॉल टीमच नाही, ती बास्केटबॉलवाली. आणि नावातल्या आकड्याचं मनावर घेऊ नका, बिग टेनमध्ये १८ आहेत.

जुना_लेफ्टबॅक
मला यात आपलं २०१६ दिसतं. धेंपो, साळगावकर, स्पोर्टिंग या गोव्याच्या तिन्ही क्लबांनी आय-लीग, म्हणजे आपल्या देशाची फुटबॉल लीग, सोडली तेव्हा फातोर्ड्याच्या स्टेडियमला संध्याकाळी जायची सवयच तुटली बघा.

नाईटशिफ्ट_पर्वरी
@लेफ्टबॅक तुलना पूर्ण बसत नाही हो. आपले क्लब फेडरेशनच्या प्लॅनवर रागावून बाहेर पडले, तिथे जास्त पैसे देणारा भेटला म्हणून गेले. आणि तिथे रेलिगेशन, म्हणजे खालच्या लीगमध्ये ढकलणं, नाही, शेवटचा नंबर आला तरी जागा पक्की, जागा जाते ती फक्त करारात. वॉशिंग्टन २०२३ ला पॅक-१२ चॅम्पियन होती, नॅशनल फायनलपर्यंत गेली आणि पुढच्याच वर्षी कॉन्फरन्स सोडून मोकळी.

जुना_लेफ्टबॅक
ते मान्य. पण डर्बीचं काय? शेजारचे दोघे वेगवेगळ्या लीगमध्ये गेले तर मजा गेलीच ना.

नाईटशिफ्ट_पर्वरी
गेली थोडी. वॉशिंग्टन आणि वॉशिंग्टन स्टेटचा ॲपल कप नोव्हेंबरच्या शेवटी व्हायचा, अख्ख्या सीझनची भडास काढायला, तो २०२४ पासून सप्टेंबरात आलाय. म्हणजे चतुर्थीआधीच नरकासुर जाळल्यासारखं.

म्हापसेकर_मामा
आता कळलं, देव बरें करूं. भाच्याची मॅच लाईव्ह बघायची तर रात्र जागवावी लागेल काय?

नाईटशिफ्ट_पर्वरी
दुपारची असली तर जागावं लागेल. पण तिथे शनिवारी संध्याकाळी साडेसातची असली तर आपल्याकडे रविवारी सकाळी आठ, नोव्हेंबरात त्यांचं घड्याळ बदललं की नऊ.

म्हापसेकर_मामा
आठ म्हणजे पोदेर, आमचा पाववाला, येऊन गेल्यावर. जमलं मग, जर्सी घालून पाव-भाजी खात बसतो, बायको काय म्हणेल ते बघू.