क्वीन्स कॉलेज स्टेप टेस्ट: मुलींचे आकडे सगळे जवळपास सारखेच का येतात?

जिमखाना_परभणी

नवीन शैक्षणिक धोरणानुसार पदवीच्या पहिल्या वर्षाला ‘आरोग्य आणि तंदुरुस्ती’ हा दोन श्रेयांकांचा सहअभ्यासक्रम आमच्या विभागाकडे आला आहे. एक श्रेयांक तासिकांचा, एक प्रात्यक्षिकाचा. साठ विद्यार्थी, तीस-तीसच्या दोन तुकड्या, आठवड्याला दोन तासांचं प्रात्यक्षिक. प्रयोगशाळा नाही. सुताराकडून ४१.३ सेंमी उंचीचा बाक करून घेतला आणि क्वीन्स कॉलेज स्टेप टेस्ट घेतली. तीन मिनिटं चढउतार, मेट्रोनोम (ताल देणारं यंत्र) मुलांना मिनिटाला ९६ टोल्यांवर, मुलींना ८८ वर. थांबल्यावर पाचव्या ते विसाव्या सेकंदापर्यंत नाडी मोजून चारने गुणलं आणि सूत्रात घातलं.

मुलांचा व्हीओटू मॅक्स (शरीर किलोमागे मिनिटाला जास्तीत जास्त किती मिली प्राणवायू वापरू शकतं तो आकडा) ३५.७ ते ६२.६ असा पसरलेला आहे. मुलींचा मात्र ३४.० ते ३९.२ एवढ्यातच. खो-खोच्या संघातली मुलगी ३९.२ आणि कधीच मैदानावर न येणारी ३६.३, हे मला पटत नाही. तीन मुली दोन मिनिटांच्या आत थांबल्या, त्यांच्यापुढे काय लिहायचं? आणि या आकड्यांवर गुण द्यावेत का? विभागप्रमुखांचं म्हणणं आहे की गुण ‘वस्तुनिष्ठ’ हवेत.

व्यायामशरीरशास्त्र_पुणे

मॅडम, तुमची मोजणी चुकलेली दिसत नाही. हा सूत्राचाच गुणधर्म आहे आणि तो विद्यार्थ्यांना शिकवण्यासारखा आहे.

मुलांचं सूत्र १११.३३ − (०.४२ × नाडी), मुलींचं ६५.८१ − (०.१८४७ × नाडी). नाडीत २० ठोक्यांचा फरक असला तर मुलांच्या उत्तरात ८.४ चा फरक पडतो, मुलींच्या उत्तरात फक्त ३.७ चा. म्हणजे मुलींमधला फरक सूत्रच आवळून टाकतं. नाडी १३० असो की १९०, मुलीचं उत्तर ४१.८ आणि ३०.७ यांच्या दरम्यानच येणार.

आता तुमचे आकडे उलटे सोडवून बघा. ३९.२ म्हणजे पंधरा सेकंदांत ३६ ठोके, ३४.० म्हणजे ४३. त्यामुळे तुमच्या यादीत मुलींची जास्तीत जास्त आठच वेगवेगळी उत्तरं असू शकतात, प्रत्येकी ०.७४ च्या अंतरावर. ज्या दोन मुलींची तुम्ही तुलना केली त्यांचे ठोके ३६ आणि ४० आहेत, म्हणजे मिनिटाला १४४ आणि १६०. त्याच बाकावर, त्याच तालात काम करून एकीची नाडी १६ ने कमी आहे. हा फरक चांगलाच मोठा आहे, फक्त सूत्रातून गेल्यावर तो दिसेनासा होतो. म्हणून वहीत दोन रकाने ठेवा: आधी मोजलेली नाडी, नंतर सूत्राचं उत्तर. सत्राअखेरीस पुन्हा चाचणी घ्याल तेव्हा तुलना नाडीचीच करा.

दुसरी गोष्ट दशांशाची. एक ठोका इकडेतिकडे झाला की मिनिटाची नाडी चारने बदलते आणि मुलाचं उत्तर १.६८ ने सरकतं. मग ४४.१ आणि ४५.८ मध्ये तुम्ही कोणाला वरचं ठरवणार? विद्यार्थ्यांना दशांशाचा दुसरा अंक लिहू देऊच नका.

मोजणीत नेहमी गोंधळ होतो तो पहिल्या ठोक्याचा. स्टॉपवॉच आधीपासून चालू असेल, जसं या चाचणीत असतं, तर ठरलेल्या वेळेनंतरचा पहिला ठोका ‘एक’ धरायचा. ठोका लागताच घड्याळ सुरू करत असाल तर तो ‘शून्य’. अर्ध्या वर्गाने एक पद्धत आणि अर्ध्याने दुसरी वापरली, तर मिनिटामागे चार ठोक्यांची चूक कोणाच्या लक्षातही न येता शिरते. अंगठ्याने नाडी बघायची नाही, अंगठ्यालाही स्वतःची नाडी असते. मनगटावर सापडत नसेल तर मानेवर, श्वासनलिकेच्या बाजूला, एकाच बाजूने, दोन बोटं हलकी टेकवून. तिथे जोरात दाबलं तर रक्तदाबाची जाणीव ठेवणारी केंद्रं उत्तेजित होऊन हृदयाची गतीच मंदावते आणि विद्यार्थी उगाच तंदुरुस्त ठरतो. दोन्ही बाजू एकदम दाबायच्या नाहीत, हे पहिल्याच दिवशी करून दाखवा.

आणि पाच सेकंद म्हणजे पाचच. थांबल्यानंतर पहिल्या मिनिटात नाडी झपाट्याने उतरते आणि तंदुरुस्त माणसाची अधिक वेगाने. पंधरा सेकंद नाडी शोधण्यात गेली तर चूक सगळ्यांची सारखी होत नाही. म्हणून चाचणीपूर्वीच नाडी कुठे लागते ते शोधून पेनाने खूण करून ठेवावी.

फिजिओ_नाशिक

वरच्या उत्तराशी सहमत, पण पहिल्या वर्षाच्या सरसकट वर्गाला ही चाचणी द्यावी का, यावर माझं मत वेगळं आहे.

पायरीच्या व्यायामाचा प्राणवायूचा खर्च काढायचं अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनचं समीकरण वापरून पाहा: (०.२ × मिनिटातल्या चढउतार) + (१.३३ × १.८ × मीटरमधली उंची × चढउतार) + ३.५. बाक ०.४१३ मीटर आणि चढउतार २२ (८८ टोल्यांचा चौथा भाग) धरले तर उत्तर येतं किलोमागे मिनिटाला २९.७ मिली. मुलांच्या २४ ला ते ३२ होतं. न खेळणाऱ्या मुलीची कमाल क्षमताच ३०-३२ असेल, तर आपण तिला तीन मिनिटं जवळजवळ कमाल पातळीवर राबवतो आणि त्याला ‘सोपी चाचणी’ म्हणतो. तुमच्या तीन मुली थांबल्या त्या आळसाने नाही. उंचीने लहान मुलीला ४१ सेंमी म्हणजे जवळपास गुडघ्याएवढी पायरी. तिच्या मांड्या हृदयाच्या आधी दमतात. त्यांच्यापुढे ‘अपूर्ण, १ मिनिट ४० सेकंद’ अशी जी असेल ती वेळ लिहा आणि सूत्र लावूच नका, कारण ते तीन मिनिटं पूर्ण केलेल्यांसाठीच आहे.

माझा सल्ला वायएमसीए या संस्थेच्या तीन मिनिटांच्या पायरी चाचणीचा. बाक १२ इंच म्हणजे ३०.५ सेंमी, मुलामुलींना एकच ताल ९६. वरच्या समीकरणाने खर्च साधारण २६ येतो. संपल्यावर लगेच बाकावर बसायचं आणि पाच सेकंदांच्या आत मोजणी सुरू करून पूर्ण एक मिनिट मोजायचं. इथे एक ठोका चुकला तर एकच चुकतो, चार नाही. नवख्या मोजणाऱ्यांच्या वर्गात हा फायदा फार मोठा आहे. उत्तर म्हणजे फक्त नाडी, कुठलंही सूत्र नाही.

चाचणीआधी पार-क्यू प्लस ही व्यायामापूर्वी आरोग्य तपासायची सात प्रश्नांची प्रश्नावली मराठीत भरून घ्या. छातीत दुखणं, चक्कर, हृदयविकार किंवा रक्तदाब, चालू औषधं, हाडं-सांध्यांची तक्रार, यातल्या कशालाही ‘हो’ असेल तर त्या दिवशी त्या विद्यार्थ्याला वेळ नोंदवायला बसवा. ताप आलेला, दम्याचा पंप घरी विसरलेला, उपवासाने रिकाम्या पोटी आलेला विद्यार्थीही त्याच रांगेत. थांबवायच्या खुणा आधीच सांगून ठेवा: छातीत दुखणं, गरगरणं, चेहरा पांढरा पडणं, सलग पंधरा सेकंद ताल चुकणं. क्वीन्स चाचणीत उभ्यानेच मोजतात. रक्त पायांत साचून भोवळ येते ती तेव्हाच. विसावं सेकंद झालं की लगेच चालायला लावा.

एक गोष्ट मात्र कृपया सोडू नका. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्ताल्पता आढळली. हिमोग्लोबिन कमी असलं की तेवढ्याच कामाला हृदयाला जास्त ठोके द्यावे लागतात. म्हणजे ज्या मुलीची नाडी १७२ आहे तिला ‘तंदुरुस्ती कमी’ असा शेरा मारून मोकळं होणं हा तिच्यावर अन्याय ठरू शकतो. बसल्या जागीही नाडी जास्त असेल, जिना चढताना धाप लागत असेल, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात हिमोग्लोबिन तपासायला सांगा. १२ ग्रॅमच्या खाली असेल तर उपचार आधी, व्यायामाचा भार नंतर. वैयक्तिक आरोग्याच्या अभ्यासक्रमात यापेक्षा उपयोगाचं दुसरं काय शिकवणार?

मैदान_आणि_वर्ग

तीस जणांच्या तुकडीचं गणित सांगतो. बाक कमी लांबीचे तीन करण्यापेक्षा सव्वादोन ते अडीच मीटरचे दोन करा, एकावर तीन जण मोकळेपणाने चढतात. सहा जणांची एक फेरी, समजावणं ते जागा बदलणं धरून दहा मिनिटं. पाच फेऱ्यांत तुकडी पन्नास मिनिटांत संपते. उरलेला वेळ आकडेमोडीला आणि चर्चेला.

वरची फळी १८ मिमी प्लाय, पाय लोखंडी अँगलचे, फळीची पुढून मागे रुंदी ४० सेंमी म्हणजे पूर्ण पाऊल मावतं. वर रबरी मॅट लावलीत तर उंची मॅटसकट मोजा. बाक भिंतीला टेकवा, नाहीतर तो दर चढणीला सरकतो. फरशी असमान असेल तर पायाखाली रबराचे तुकडे. कडेवर एका बाजूला उभं राहून बाक उलटतो का ते आधी स्वतः पाहा.

मेट्रोनोमच्या चार टोल्यांत एक चढउतार: वर, वर, खाली, खाली. अॅपवर विसंबू नका, पंधरा सेकंदांत टोले मोजा. ९६ ला २४, ८८ ला २२ यायला हवेत. पंख्याच्या आवाजात मोबाइल ऐकू जात नाही, छोटा स्पीकर लावा. वर आल्यावर गुडघा पूर्ण सरळ व्हायला हवा. वाकलेल्या गुडघ्यांनी पळवाट काढणाऱ्याने कमी उंची चढलेली असते आणि त्याची नाडी खोटी कमी येते. निरीक्षकाचं मुख्य काम हेच.

गुणांबद्दल: व्हीओटू मॅक्सवर किंवा नाडीवर एकही गुण देऊ नका. त्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे. शिवाय आधीपासून खेळणाऱ्याला न शिकता पूर्ण गुण मिळतात, रक्ताल्पता असलेलीला शिकूनही कमी. वस्तुनिष्ठ गुण मोजणीच्या कौशल्याला देता येतात. एकाच विद्यार्थ्याच्या दोन मनगटांवर दोघांनी एकाच वेळी मोजायचं. पंधरा सेकंदांत दोघांत एक ठोक्याचा फरक चालेल, दोनचा असेल तर पुन्हा. पन्नासपैकी १५ गुण मोजणीला, १५ नोंदवहीला, १० स्वतःसाठी आखलेल्या आठ आठवड्यांच्या कार्यक्रमाला आणि १० तोंडी परीक्षेला, अशी वाटणी चालते.

कार्यक्रमात लक्ष्य नाडी विद्यार्थ्याने स्वतः काढावी. वय १९, सकाळी उठल्यावरची नाडी ७२ धरू. कमाल नाडी २०८ − (०.७ × १९) म्हणजे १९५, राखीव (कमाल वजा सकाळची) १२३. मध्यम व्यायाम राखीवच्या ४० ते ५९ टक्के, त्यात ७२ मिळवले की १२१ ते १४५. ‘२२० वजा वय’ या जुन्या सूत्राने कमाल २०१ येते. दोन्ही सूत्रं सरासरी सांगतात, प्रत्यक्ष माणूस दहा-बारा ठोके वर किंवा खाली सहज असतो. म्हणून सोबत बोलून पाहण्याची कसोटी द्या: वाक्य बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही, तो मध्यम वेग.

जिमखाना_परभणी

तिघांचेही आभार. १२ इंचांचा वेगळा बाक करून घेते. दोन प्रश्न. बऱ्याच विद्यार्थ्यांकडे स्मार्टवॉच आहे, ते चालेल का? आणि पहिली चाचणी ऑगस्टमध्ये झाली तर दुसरी नोव्हेंबरमध्ये येईल, हवामानाने फरक पडेल?

व्यायामशरीरशास्त्र_पुणे

मनगटावरचं घड्याळ प्रकाशाने नाडी टिपतं आणि काही सेकंदांची सरासरी दाखवतं. स्थिर वेगाच्या चालण्यात ते ठीक आहे. चाचणी संपल्यावर मात्र नाडी भराभर उतरत असते आणि घड्याळ थोडा आधीचा आकडा दाखवत राहतं. पट्टा सैल असेल तर चढउताराच्या तालालाच नाडी समजून बसण्याचीही शक्यता असते. छातीवर बांधायचा नाडी मोजणारा पट्टा असेल तर बोटांच्या मोजणीची पडताळणी करायला वापरा. नेलपॉलिश किंवा थंड बोटं असतील तर पल्स ऑक्सिमीटरवरही भरवसा नको.

हवामानाचा फरक पडतो. उकाड्यात आणि दमट हवेत त्वचेकडे जास्त रक्त वळवावं लागतं, घामाने पाणी कमी होतं आणि तेवढ्याच कामाला नाडी वर जाते. नोव्हेंबरच्या गारव्यात नाडी उतरली तर त्यातलं किती श्रेय व्यायामाचं, हे सांगता येणार नाही. दोन्ही चाचण्या सकाळी त्याच वेळेला, त्याच खोलीत घ्या, खोलीचं तापमान वहीत लिहा. आधी तीन तास चहा-कॉफी आणि तंबाखू नको, जेवण दोन तास आधी, आदल्या दिवशी सामना किंवा जड व्यायाम नको. जमलं तर पहिली चाचणी एका आठवड्यात दोनदा घेऊन दुसरी नोंद आधारभूत धरा. पहिल्यांदा अनोळखी बाकामुळे आणि बघ्यांमुळे नाडी चढलेली असते. बघ्यांना खोलीबाहेर ठेवा आणि यादी सूचनाफलकावर लावू नका, प्रत्येकाला आपापला कागद द्या.

फिजिओ_नाशिक

दुसऱ्या चाचणीच्या आधी वजन पुन्हा घ्या. पायरीवर माणूस स्वतःचंच वजन उचलतो, त्यामुळे तीन-चार किलोंचा फरक नाडीत दिसतो. आणि आधी थांबलेल्या त्या तीन मुलींना आता ३०.५ सेंमीच्या बाकावरही आधी एक मिनिट, पुढच्या आठवड्यात दोन, असं चढवत न्या. त्यांची पहिली अधिकृत नोंद तीन मिनिटं जमतील तेव्हाच घ्या.