चिनी शिकणाऱ्याने खोंग यीची वाचावा का?

चर्चाप्रस्ताव

माझी भाची चिनी भाषेत एम.ए. करते आहे. पुढच्या सत्रासाठी तिला ‘आधुनिक चिनी साहित्य’ आणि ‘व्यापारी चिनी’ यांपैकी एक विषय घ्यायचा आहे. घरच्यांचा कौल अर्थातच दुसऱ्या विषयाला आहे. तिने मला विचारले तेव्हा मी क्षणभरही न थांबता ‘साहित्य घे’ असे सांगितले, कारण मी स्वतः तोच विषय शिकले आहे आणि त्या दोन वर्षांत जे हाती लागले ते नंतर कोणत्याही शिकवणीत मिळाले नाही.

एकच उदाहरण देते. आधुनिक चिनी लेखक लू शुन यांची ‘खोंग यीची’ ही छोटी कथा एप्रिल १९१९ मध्ये ‘नवतरुण’ या मासिकात प्रसिद्ध झाली. गावातल्या गुत्त्यात आखूड सदरे घातलेले कष्टकरी फळीपाशी उभे राहून पितात आणि लांब डगले घातलेले प्रतिष्ठित लोक आतल्या खोलीत निवांत बसून पितात. खोंग यीची हा एकच माणूस असा आहे की त्याच्या अंगावर लांब डगला आहे, तोही मळका आणि फाटका, आणि तरीही तो उभा राहून पितो. आयुष्यभर अभ्यास करून तो सरकारी परीक्षेची पहिली पायरीही चढलेला नाही, पण विद्वत्तेची खूण असलेला तो डगला त्याला उतरवताही येत नाही. गुत्त्यात काम करणाऱ्या पोराला तो बडीशेपेच्या स्वादाच्या, शिजवलेल्या दाण्यांच्या नावातले ‘ह्वेइ’ हे अक्षर चार प्रकारे लिहिता येते असे जीव तोडून सांगतो, आणि पोरगा तोंड फिरवतो. एवढ्याशा प्रसंगात एका मोडलेल्या शिक्षणव्यवस्थेचे दुःख आहे. ही कथा न वाचता चीन कळला असे कोणी म्हणू नये, असे माझे मत आहे. आपल्याला काय वाटते?

प्रतिसाद १

ताई, मी बारा वर्षे दुभाष्याचे काम करतो आणि आपल्याशी मुळीच सहमत नाही. मीही साहित्यच शिकलो होतो. पहिलेच काम चाकणच्या एका कारखान्यात मिळाले. नवे यंत्र बसवायला आलेले चिनी तंत्रज्ञ ‘मूजू, मूजू’ म्हणत होते. मूजू म्हणजे साचा, आपले कामगार ज्याला ‘डाय’ म्हणतात ती, हे मला ठाऊक नव्हते. त्या दिवशी दोन्ही बाजूंची माणसे माझ्या तोंडाकडे पाहत उभी होती आणि मला लू शुन यांची वाक्ये पाठ होती. पाच वर्षांच्या शिक्षणानंतर विद्यार्थ्याला करारातले हमीचे कलम वाचता येत नसेल, तर विद्यापीठाने त्याला फसवले असेच मी म्हणेन. कर्ज काढून शिकणाऱ्या मुलीला शंभर वर्षांपूर्वीच्या गुत्त्यात नेऊन बसवू नका. साहित्य तिला नोकरी लागल्यावरही वाचता येईल.

धागाकर्ती

आपला अनुभव मी हलक्यात घेत नाही. ‘मूजू’ मलाही आला नसता. पण ज्या गुत्त्याला आपण शंभर वर्षांपूर्वीचा म्हणता, तो आजचाही आहे. २०२३च्या सुरुवातीला चीनमधल्या बेरोजगार पदवीधरांनी समाजमाध्यमांवर स्वतःलाच खोंग यीची म्हणायला सुरुवात केली. पदवी म्हणजे आपल्याला न उतरवता येणारा लांब डगला झाली आहे, असे ते लिहीत होते. सरकारी दूरचित्रवाणीने त्यांना डगला उतरवून मिळेल ते काम करण्याचा उपदेश केला, त्यावर संतापाची लाट उठली. त्या वर्षीच्या जूनमध्ये शहरांतील १६ ते २४ वयोगटातली बेरोजगारी अधिकृत आकड्यांनुसार २१.३ टक्क्यांवर पोहोचली होती आणि ऑगस्टमध्ये तो आकडा जाहीर करणेच काही काळ थांबवण्यात आले. ही कथा तिथल्या शालेय पाठ्यपुस्तकात असते, त्यामुळे ‘डगला उतरव’ एवढे दोन शब्द उच्चारले की समोरच्याला पुढचे सगळे कळते. त्या दिवसांत बैठकीत कोणी ते दोन शब्द बोलले असते, तर केवळ व्यापारी चिनी शिकलेल्या दुभाष्याने कपड्यांविषयीचे वाक्य सांगितले असते.

प्रतिसाद २

माझा आक्षेप वेगळा आहे. साहित्य जरूर शिकवावे, पण कोणते? अनेक अभ्यासक्रम १९१९च्या चार मे या विद्यार्थी चळवळीपासून निघतात आणि क्रांतीच्या सरळ रस्त्याने १९४९ला, म्हणजे कम्युनिस्ट सत्तेपर्यंत पोहोचतात. येनान या कम्युनिस्टांच्या तळावर १९४२ साली माओंनी साहित्याने काय करावे हे सांगितले, त्या चौकटीत न बसणारे लेखक दीर्घकाळ तिथल्या साहित्येतिहासांतून जवळजवळ गायब होते. त्यांपैकी कथाकार शेन त्सोंगवन यांनी १९४९नंतर कथालेखन जवळपास सोडले आणि ते संग्रहालयात जुन्या चिनी वस्त्रांचा अभ्यास करत राहिले. लेखिका चांग आय-लिंग १९५२मध्ये शांघाय सोडून हाँगकाँगला गेल्या आणि पुढे अमेरिकेत. या दोघांचे मोठेपण अमेरिकेत शिकवणाऱ्या शा चर-छिंग यांनी १९६१च्या आपल्या इतिहासग्रंथात ठामपणे मांडले. विद्यार्थिनीला लू शुन देताना ही वगळलेली नावेही दिली नाहीत, तर आपण तिला साहित्याऐवजी एका राजवटीची निवड शिकवू.

पुण्यापुरते सांगायचे तर आपल्याकडे चिनीचा गंभीर अभ्यास झाला तो बौद्ध ग्रंथांच्या ओढीने. पु. वि. बापट यांनी जपानी अभ्यासक हिराकावा यांच्या साहाय्याने केलेले विनयाच्या (बौद्ध भिक्षूंच्या आचारनियमांच्या) एका चिनी टीकाग्रंथाचे इंग्रजी भाषांतर भांडारकर संस्थेने १९७०मध्ये प्रसिद्ध केले. आधुनिक चीनकडे तेवढ्याच निष्ठेने पाहणे अजून बाकी आहे.

धागाकर्ती

हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. शेन त्सोंगवन मला वर्गात भेटले नाहीत, नंतर स्वतःच शोधावे लागले. भाचीला मी सध्या एवढेच सांगितले आहे की निवड करण्याआधी ‘खोंग यीची’ मुळातून वाच आणि त्यातले एक वाक्य मराठीत आणून दाखव. पुस्तके चोरल्याबद्दल लोक टोमणे मारतात तेव्हा खोंग म्हणतो की पुस्तक ‘छिए’ करणे म्हणजे ‘थोउ’ नव्हे. दोन्ही शब्दांचा अर्थ चोरणे, पण पहिला पोथीतला आणि दुसरा बाजारातला. इंग्रजीत ही दरी धूसर होते. भाचीने लिहिले: ‘ग्रंथांचा अपहार म्हणजे काही चोरी नव्हे.’ मला ते आवडले.

प्रतिसाद १

विषयाच्या निवडीबद्दल माझे मत तेच आहे. वाक्याबद्दल मात्र सांगतो. ‘अपहार’ चालणार नाही. आज तो शब्द वाचला की पतसंस्थेतले पैसे आठवतात, म्हणजे तो बाजारातलाच झाला. तिला ‘ग्रंथहरण’ करून पाहायला सांगा. ‘हरण’ अजून पोथीतले आहे, आणि गुत्त्यातली माणसे त्या शब्दाला का हसली तेही वाचणाऱ्याला कळेल.